डिलिव्हरीला निघालेलं विमान पोचलंच नाही, तर त्याचा शोध कसा घ्यायचा (नागपुरात बसून)

माझ्या आईचे धाकटे मामा पायलट होते. १९५० च्या दशकात ते इंग्लंडला गेले, तिथून एका इंजिनाचं छोटं विमान इकडच्या मालकाला आणून द्यायचं होतं, आणि विमानही आलं नाही न् मामाही आले नाहीत. नागपुरात धंतोलीच्या घरी त्यांचं शेवटचं पत्र आलं ते बैरूतहून. आजी गेली तोपर्यंत घरात दोनच वाक्यं ऐकू यायची, "कराचीजवळ समुद्रात पडलं म्हणतात" आणि "पेट्रोल संपलं म्हणतात". कोण म्हणतं ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

मी पाच वर्षं हे शोधून राहिले. त्यातली पहिली दोन चुकीच्या दिशेने गेली. गेल्या वर्षभरात तिघांनी मला त्यांच्या घरातल्या अशाच गोष्टीबद्दल विचारलं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते, म्हणजे तुमची ती दोन वर्षं तरी वाचतील.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. डिलिव्हरीवरचं विमान दोन देशांच्या मधे लटकलेलं असतं. विकणाऱ्या देशाने विमान नोंदणीच्या वहीत "परदेशी विकलं" लिहून पान बंद केलेलं असतं आणि घेणाऱ्या देशाने पान उघडलेलंच नसतं, कारण विमान पोचलंच नाही. म्हणून दोन्हीकडे विचारलं की दोन्हीकडून "आमचं नाही" असं उत्तर येतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. पुढचं सगळं काम या फटीत शिरायचं आहे.

आधी एवढं जमवा

- घरातली सगळी पत्रं, पाकिटांसकट (पाकिटं फेकू नका, शिक्के त्यांच्यावरच असतात)
- तारा, फोटो, लायसन्स, लॉगबुक, विम्याचे कागद
- तुमचं त्या माणसाशी नातं दाखवणारा कागद, कोर्टात आणि काही कार्यालयांत लागतो
- एक जाड वही, पहिल्या पानापासून तारखेप्रमाणे
- त्या वर्षाच्या आसपास छापलेला नकाशा, आजचा नाही
- स्कॅनर किंवा बरा मोबाइल कॅमेरा

१. ट्रंक उघडा, पण घाई करू नका

प्रत्येक कागदाचा पुढून-मागून फोटो काढा, फोटोंच्याही पाठी बघा. पत्रातलं जेवढं वाचता येतं तेवढं जसंच्या तसं वहीत उतरवा, अर्थ नंतर लावा. मामांच्या एका पत्रात मागच्या बाजूला पेन्सिलीने "एबल", "बेकर" असे शब्द होते आणि आम्हाला वर्षानुवर्षं ती माणसांची नावं वाटायची. ती अक्षरं होती. रेडिओवर अक्षरं सांगायची जुनी पद्धत एबल, बेकर, चार्ली अशी होती, आताची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मार्च १९५६ पासून चालू झाली. म्हणजे असा शब्द दिसला की तो विमानावर रंगवलेल्या नोंदणी चिन्हाचा तुकडा असू शकतो, आणि तारखेचा अंदाजही देतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी याच वेळी बोला. एकेकट्याशी बोला, चौघांत बसवून नको, चौघांत सगळे एकच गोष्ट सांगायला लागतात. आणि कोणाला बोलायचं नसेल तर सोडून द्या. माझ्या एका मावशीने दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा स्वतःच फोन केला.

२. विमानाची ओळख पक्की करा. सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे

आमच्या घरात सगळे म्हणायचे विमान भारतात येत होतं म्हणजे त्यावर व्हीटी लिहिलेलं असणार. भारतीय विमानांची चिन्हं व्हीटीने सुरू होतात हे बरोबर, म्हणून मी दोन वर्षं व्हीटीच्या याद्या चाळल्या. मग एक दिवस ट्रंकेतलाच फोटो मोठा करून पाहिला, मामा पंखाला टेकून उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे जी- दिसतंय. ब्रिटिश चिन्ह. फोटो साठ वर्षं घरातच होता.

डिलिव्हरीचं विमान पुष्कळदा विकणाऱ्या देशाच्याच चिन्हावर उडतं, अमेरिकेहून निघालं तर एन-, ब्रिटनहून तर जी-. कधी घेणाऱ्या देशाने चिन्ह देऊन ठेवलेलं असतं पण वापरलं जात नाही, मग नोंद ठेवणारे लोक त्यापुढे "एनटीयू" लिहितात, म्हणजे दिलं पण घेतलं गेलं नाही. ही तीन अक्षरं तुमच्या विमानापुढे दिसली तर खुश व्हा, धागा सापडला.

चिन्ह बदलतं, कारखान्याचा सिरियल नंबर बदलत नाही. तो मिळवा. अमेरिकेत एकच एन-नंबर पुढे दुसऱ्याच विमानाला मिळू शकतो, त्यामुळे नुसत्या एन-नंबरवर विसंबलात तर भलत्याच विमानाची हकीकत गोळा कराल. सिरियल नंबरावरून मॉडेलही कळतं, पायपर या अमेरिकन कंपनीच्या विमानाचा नंबर १८- ने सुरू झाला तर सुपर कब, २८- ने झाला तर चेरोकी घराण्यातलं.

कुठे बघायचं: ब्रिटिश विमानांसाठी तिथल्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीचं जी-इन्फो, त्यात जुन्या रजिस्टरची पानं स्कॅन करून ठेवलीत, घरबसल्या फुकट दिसतात. अमेरिकन विमानासाठी एफएए या तिथल्या विमान खात्याकडून त्या विमानाची पूर्ण फाइल मागवता येते, फी दहा डॉलर. त्या फाइलीत विक्रीचे कागद असतात, आणि नशीब असेल तर फॉर्म ३३७ असतो, म्हणजे विमानात जास्तीची टाकी बसवली त्याची नोंद. लांबच्या डिलिव्हरीला केबिनमध्ये जादा टाकी बसवतात, तिला फेरी टँक म्हणतात. ती किती लिटरची होती हे पायरी ६ मध्ये लागणार आहे.

३. चौकशी कोणी केली असेल ते आधी ठरवा, पत्र नंतर लिहा

नियम असा की अपघात ज्या देशात झाला तो देश चौकशी करतो, आणि कुठल्याच देशात न मोडणाऱ्या समुद्रावर झाला तर ज्या देशात विमान नोंदलेलं आहे तो. हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स १३ मध्ये आहे, आणि ते १९५१ साली आलं. विमान त्याआधी हरवलं असेल तर सगळीकडे एकसारखी पद्धत होती असं धरू नका.

आता नकाशा त्या वर्षाचा का पाहिजे ते सांगते. बहारीन आणि शारजा १९७१ पर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली होते. म्हणजे तिथे काही घडलं असेल तर कागद आज लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, क्यू इथे असण्याची शक्यता जास्त. तिथल्या कॅटलॉगमध्ये एव्हीआयए ५ ही अपघात चौकशीच्या अहवालांची मालिका आहे आणि एफओ ३७१ ही परराष्ट्र खात्याच्या पत्रव्यवहाराची. १९४७ च्या मागचं आखातातलं काही असेल तर कतार डिजिटल लायब्ररी बघा, फुकट आहे. अमेरिकेत एनटीएसबी या अपघात चौकशी मंडळाचा डेटाबेस १९६२ पासूनचा आहे, त्याआधीची चौकशी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड करायचं. आपल्याकडे विमान अपघातांच्या चौकशीसाठी एएआयबी हे वेगळं कार्यालय २०१२ मध्ये सुरू झालं, त्याआधीचं काम डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे होतं, तेव्हा जुन्या प्रकरणासाठी एएआयबीला पत्र लिहून महिने घालवू नका.

शोधताना गावांची जुनी स्पेलिंगं वापरा. बहारीनच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचं ए-आय नसतं, ई-आय असतं, आणि ते एक अक्षर बदललं की कॅटलॉग वेगळाच निकाल देतो. आपल्या गावाचंही तसंच. नागपूर ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. परदेशी कागदात पायलटचा पत्ता "नागपूर, एम.पी." किंवा त्याहून जुनं "सी.पी." (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) असा असतो. मी "महाराष्ट्र" टाकून शोधत होते, काहीच येत नव्हतं.

४. वर्तमानपत्रं

नागपुरात पहिलं नाव हितवाद, १९११ पासूनचं. मराठीसाठी तरुण भारतचे जुने अंक. कुठल्या ग्रंथालयात कोणती वर्षं आहेत ते आधी फोनवर विचारा, फायली बांधणीला गेलेल्या असतात किंवा पानं इतकी ठिसूळ की देत नाहीत. गेलात की विमान हरवल्याच्या तारखेपासून निदान तीन आठवडे पुढपर्यंत रोजचा अंक बघा. पहिल्या दिवशी मोठी बातमी येते आणि ती बहुतेकदा चुकीची असते. खरी माहिती दहाव्या-पंधराव्या दिवशी आतल्या पानावर चार ओळीत येते, "शोध थांबवला" अशी. ती चार ओळींची बातमी सगळ्यात कामाची.

मला जे मिळालं ते मात्र ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्ह या फुकट संग्रहात. हसू नका, त्या काळी तारेच्या बातम्या जगभर जायच्या, आणि सिंगापूर, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाच्या पेपरांत दोन ओळी छापून यायच्या. सिंगापूरचं न्यूजपेपरएसजी आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्टही फुकट आहे. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला पैसे लागतात, एका महिन्याचं घ्या आणि त्या महिन्यात सुट्टी काढून बसा.

तारखांचा घोळ सांभाळा. विमानाच्या कागदांत वेळ ग्रीनिचची असते, आपली साडेपाच तास पुढे. रात्री साडेसातचा ग्रीनिचचा संदेश म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचा एक वाजलेला. वहीत दोन्ही वेळा लिहायची सवय लावा.

५. सिव्हिल लाइन्सचं जिल्हा न्यायालय

ही पायरी मला कोणीच सांगितली नव्हती आणि सगळ्यात जास्त मला इथेच मिळालं, म्हणून जरा सविस्तर.

माणूस सापडला नाही, देह सापडला नाही, तर घरच्यांना विमा, बँक, शेत, घर यांच्यासाठी तो गेला हे सिद्ध करावं लागतं. सात वर्षं ज्याची खबर मिळायला हवी त्यांना मिळाली नाही तर मृत्यू गृहीत धरता येतो, जुन्या पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. म्हणजे विमान हरवल्यानंतर साधारण सात ते दहा वर्षांच्या काळात घरच्या कोणीतरी दिवाणी दावा लावला असण्याची बरीच शक्यता आहे. आणि त्या दाव्यात काय जोडलेलं असतं? तारा. पत्रं. मालकाचं पत्र. शपथपत्रं. जे कागद घरातून गहाळ झाले ते कोर्टात जपून ठेवलेले.

कसं करायचं: आधी घरात जुनी नक्कल किंवा दाव्याचा नंबर आहे का बघा. नसेल तर दावा लावणाऱ्याचं नाव (बायको, भाऊ, वडील, तिघांचीही नावं) आणि अंदाजे वर्षं घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाकडून रेकॉर्ड रूममध्ये शोध घ्यायला लावा, मग नकलेचा अर्ज करा. एकट्याने जायला हरकत नाही पण रजिस्टर वाचायची सवय असलेला माणूस बरोबर असला की दिवस वाचतात. जुन्या खटल्यांचे काही कागद नियमाप्रमाणे नष्ट केलेले असतात, तरी निकाल आणि रजिस्टरमधली नोंद मिळायची आशा ठेवा. निकालातच पुराव्याचा गोषवारा असतो.

आमच्या निकालात बहारीनहून आलेल्या तारेचा मजकूर सापडला. विमान सकाळी बहारीनहून शारजाला निघालं, शारजाला पोचलं नाही. कराचीचं नाव कुठून आलं तेही तिथेच कळलं, नागपूरच्या घराला पहिली चौकशीची तार कराचीहून आली होती, कारण मामा तिथे अपेक्षित होते. म्हणजे घरात साठ वर्षं जे म्हणत होते ते खोटं नव्हतं, तार आली ती जागा आणि विमान गेलं ती जागा एक झाली होती. मी त्या दिवशी न्यायालयाच्या बाहेर बाकावर बराच वेळ बसून होते.

एक सावधगिरी. कोर्टाच्या निकालाची तारीख ही मृत्यूची तारीख नाही. कायदा मृत्यू गृहीत धरतो, दिवस गृहीत धरत नाही. वंशावळीत ती तारीख लिहून टाकू नका.

६. वारा आणि पेट्रोलचा हिशेब स्वतः करा

घरोघरी एकच कारण सांगतात, पेट्रोल संपलं. ते तपासता येतं. विमानाचा वेग, टाकी आणि अंतर एवढं हवं. आमच्या विमानाचा वेग साधारण १०० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) आणि टाकीत पाच तासांचं पेट्रोल होतं. बहारीन ते शारजा सरळ रेषेत साधारण २६० नॉटिकल मैल. समोरून २५ नॉटचा वारा धरला तरी वेग ७५, म्हणजे साडेतीन तास. पेट्रोल उरतं. तेच शारजा ते कराची असतं, साधारण ६३० नॉटिकल मैल, तर वारा नसतानाही सव्वासहा तास आणि समोरच्या वाऱ्यात आठ तासांच्या वर, म्हणजे जादा टाकी नसली तर मधे किनाऱ्यावरच्या जिवानीला उतरल्याशिवाय जमलंच नसतं. घरातली "कराची" आणि "पेट्रोल" ही दोन वाक्यं एकमेकांना धरून होती, पहिलं सुटलं की दुसरंही सुटलं.

एककं तपासा, इथे शिकलेले लोकही चुकतात. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९. ब्रिटिश गॅलन साधारण ४.५ लिटर, अमेरिकन ३.८ लिटरच्या जवळ. जुन्या छोट्या विमानात वेगाचा काटा साध्या मैलांत असायचा.

हवामानासाठी युरोपच्या कोपर्निकसचा ईआरए५ हा डेटा आहे, १९४० पासूनचा, तासातासाचा, फुकट. तो उघडायला थोडं प्रोग्रॅमिंग लागतं, मला व्हीएनआयटीच्या एका विद्यार्थिनीने दोन संध्याकाळींत करून दिलं. तो गणिताने मागे जाऊन काढलेला अंदाज आहे हे लक्षात ठेवा, त्या तासाला त्या जागी कोणी मोजलेलं नाही. आमच्या दिवशी आखातावर वायव्येचा जोरदार वारा दिसतो, तिकडे त्याला शमाल म्हणतात आणि तो धूळ उडवतो. धुळीत किनारा दिसला नसेल असा माझा संशय आहे. वहीत मी तो "संशय" म्हणूनच लिहिलाय, आणि तुम्हीही पुरावा आणि संशय यांना वेगळे रंग द्या.

पेट्रोल सोडून माणूस कसा हरवतो हे समजायला एक गोष्ट जरूर वाचा. २२ डिसेंबर १९७८ ला जे प्रोखनाउ नावाचा पायलट सेसना १८८ हे फवारणीचं विमान ऑस्ट्रेलियाला पोचवायला निघाला, पागो पागोहून नॉरफोक बेटाकडे, आणि दिशा दाखवणारं यंत्र बिघडल्यामुळे पॅसिफिकवर हरवला. एअर न्यूझीलंडच्या डीसी-१० चे कॅप्टन गॉर्डन वेट्टी यांनी त्याला हात लांब करून सूर्य क्षितिजापासून किती बोटं वर आहे ते मोजायला लावलं, स्वतःही मोजलं, आणि फरकावरून तो कुठे असेल याचा अंदाज काढला. २३ तास ५ मिनिटं हवेत राहून तो उतरला. तो वाचला म्हणून आपल्याला कळतं की एक यंत्र बिघडलं की माणूस किती लांब भरकटतो. समुद्रावर शोधाचा भाग आखताना हे ध्यानात ठेवा.

७. आरटीआय आणि दिल्लीचे कागद

मालक भारतीय होता, आयात परवाना लागला असणार, परकीय चलन लागलं असणार, म्हणून दिल्लीत काहीतरी असतंच. आधी राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल शोधा, मग आरटीआय. फी १० रुपये, ऑनलाइन भरता येते, उत्तर ३० दिवसांत. "अपघाताची माहिती द्या" असं लिहिलंत तर "उपलब्ध नाही" येणार. असं लिहा: अमुक वर्षाच्या नोंदणी वहीतल्या अमुक चिन्हाच्या पानाची प्रत, अमुक फाइलीचा नंबर, आणि फाइल नष्ट केली असेल तर नष्ट केलेल्या फाइलींच्या यादीतली नोंद. शेवटचं वाक्य विसरू नका, मला एका कार्यालयाने दोनदा "नाही" कळवलं आणि तिसऱ्यांदा त्या यादीतून फाइलीचा विषय आणि तारीख तरी मिळाली. पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं, दुसरं ९० दिवसांच्या आत. ब्रिटन आणि अमेरिकेतही अशी मागणी परदेशी नागरिकाला करता येते, कोणीतरी "तुम्ही इंडियन, तुम्हाला देणार नाहीत" म्हणेल, ऐकू नका.

८. ऑनलाइन याद्या

या मी मुद्दाम इतक्या खाली ठेवल्या, सगळे इथूनच सुरू करतात आणि नाव दिसलं नाही की थांबतात. ब्युरो ऑफ एअरक्राफ्ट ॲक्सिडेंट्स आर्काइव्ह्ज ही मोठी यादी आहे पण त्यात सहा माणसं तरी बसतील अशीच विमानं घेतात, तुमचं दोन-चार सीटचं तिथे नसणारच. एव्हिएशन सेफ्टी नेटवर्कच्या विकिबेसमध्ये छोटी विमानं असतात, पण तिथल्या नोंदी लोकांनी भरलेल्या आहेत, तेव्हा नोंद कशावरून केली ते बघा. ब्रिटनची एअर-ब्रिटन ही १९४८ पासूनची संस्था, तिचे सभासद सिरियल नंबरवर आयुष्य घालवलेले लोक आहेत, पत्राला मनापासून उत्तर देतात. त्यांना लिहिताना तुमच्याकडे काय आहे ते सगळं आधी द्या, मग प्रश्न विचारा.

अवशेष सापडलेच पाहिजेत असं धरून चालू नका. ॲमी जॉन्सन एवढी नावाजलेली ब्रिटिश वैमानिक, १९३० मध्ये एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली तेव्हा वाटेत आपल्या झाशीला उतरली होती, ती ५ जानेवारी १९४१ ला एक ऑक्सफर्ड विमान पोचवायला निघाली आणि टेम्सच्या मुखाशी पडली. लोकांनी बघितलं, जहाज जवळ होतं, तरी तिचा देह मिळाला नाही.

९. घरात सांगणं

जे मिळालं ते तारखेप्रमाणे चार पानांत लिहा, प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या कागदावरून. तुमची वही तुमच्यानंतर जो कोणी वाचेल त्याला तुमचा संशय आणि कोर्टातली तार यांतला फरक कळला पाहिजे. स्कॅन तीन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर.

आईला मी निकालाची नक्कल वाचून दाखवली तेव्हा ती ऐंशीच्या वर होती. तिने एकच विचारलं, बहारीनला ते रात्री कुठे राहिले होते. ते मला माहीत नव्हतं. आता ते शोधतेय, विमानतळाजवळच्या ब्रिटिश छावणीच्या कागदांत पाहुण्यांची नोंद असू शकते असं मला सांगितलंय, एफओ ३७१ मधल्या दोन फाइलींचे नंबर काढलेत, स्कॅनची ऑर्डर गेल्या आठवड्यात दिली.